लहान मुलांच्या ड्रॅगफ्लिक मोजा

महोदय,

हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाल्यापासून आपल्या क्रीडा पानावर हॉकीला जरा जागा मिळू लागली, याचा आम्हा खडकीकरांना आनंदच आहे. २०२४ च्या लिलावात भारतीय संघाच्या हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली, त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर चहा फिरला. पहिल्यांदाच मुलींचीही लीग झाली. एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना मी रडगाणं घेऊन आलोय असं वाटेल, पण हरमनप्रीतची ती ७८ लाखांची ड्रॅगफ्लिक (चेंडू काठीने ओढून गोलवर फेकायचा फटका) पाहून आता बारा-तेरा वर्षांची पोरं काय करताहेत, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी स्वतः खात्याच्या संघाकडून बारा वर्षं फुलबॅक खेळलो, त्यामुळे शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे आमच्या चुकीबद्दल समोरच्यांना गोलवर फटका मारायची संधी मिळाली की, तो अडवायला गोलमधून पुढे पळायचं काम माझं. तेव्हा कॉर्नरवर सरळ हिट मारायचे. पहिला हिट गोलच्या फळीपेक्षा, म्हणजे साधारण दीड फुटापेक्षा वर गेला तर गोल धरत नाहीत, म्हणून चेंडू यायचा तो नडगी-गुडघ्याच्याच उंचीवर. डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या, टोकापासून गोल साडेचौदा मीटर. ताशी शंभर किलोमीटरचा चेंडू ते अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदात कापतो, आणि पळणारा तर तोवर अर्ध्या वाटेत पोचलेला असतो. आजच्यासारखा मास्क नाही, गुडघ्याला काही नाही, मोज्यात खुपसलेलं पॅड तेवढं. माझ्या डाव्या वाटीवर असे दोन चेंडू बसले. दोन्ही वेळा बर्फ, क्रेप बँडेज, आणि पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात.

आज वय ६१. जिना उतरतो तो कठडा धरून, आडवा, खेकड्यासारखा. नातीच्या बारशाला सगळे पाटावर, मी एकटा खुर्चीवर. गेल्या वर्षी गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "गवंडीकाम करायचात का?" म्हटलं, हॉकी. त्यांनी फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "मग कमरेचाही काढून आणा."

गुडघ्याचं कारण मला ठाऊक होतं, कमरेचं मात्र त्यांनी समजावलं. हॉकीत काठीची एकच बाजू चालते. चेंडू उजवीकडे ठेवून, कंबरेत वाकून, अंग पिळलेल्या अवस्थेतच माणूस वर्षानुवर्षं पळतो. तो पीळ नेहमी एकाच दिशेचा. मणक्यातल्या गादीला हे सोसत नाही. त्यात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, आलं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी त्याच्यावर गेली. आमच्या मुरमाच्या मैदानावर गुडघे सोलून निघायचे, पण पाय घसरायचा. टर्फवर बूट पकडला जातो, शरीर वळतं आणि पाय तिथेच राहतो. मग मधला गुडघा फिरतो. भारताचा गोलरक्षक श्रीजेश याला २०१७ साली गुडघ्याच्या लिगामेंटचं दुखणं झालं आणि तो कित्येक महिने बाहेर होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये गोलपोस्टवर चढून बसलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला; तो गुडघा किती जणांना आठवला? सुनीता लाक्राला तर टोकियोपर्यंत पोचताच आलं नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेली ही बचावपटू २०२० च्या जानेवारीत गुडघ्यापायी निवृत्त झाली.

आता कॉर्नरवर सरळ हिटऐवजी बहुतेक ड्रॅगफ्लिकच मारतात, आणि तिच्यात तर हे सगळं एकाच झटक्यात येतं. डावा पाय लांब पुढे रोवायचा, धड जवळजवळ जमिनीला समांतर आणायचं, चेंडू काठीला चिकटवून ओढायचा आणि कंबरेतून पीळ सोडून फेकायचा. भार पडतो तो कंबर, डावा खुबा आणि गुडघा यांवर. पूर्ण वाढलेला माणूस नीट व्यायाम करून, फिजिओच्या नजरेखाली हे करतो. आमच्याकडच्या एका मैदानावर (नाव देत नाही) मागच्या महिन्यात एक मुलगा बादलीभर चेंडू घेऊन फ्लिक मारताना पाहिला. सातवीतला असावा. मी बाकावर बसून मोजत गेलो. अंधार पडेपर्यंत १३४ झाल्या. बूट काढताना त्याचा हात कंबरेवर होता. दुखतं का विचारलं तर म्हणाला, "सर म्हणतात, ताकद कमी आहे म्हणून दुखतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बादली.

क्रिकेटमध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजाने किती षटकं टाकायची याची मर्यादा ठरलेली आहे, कारण त्या वयात मणक्याला तडे जातात. फ्लिक करणाऱ्या मुलाचा मणका काय वेगळ्या मातीचा असतो? कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचे तीनशेवर माजी खेळाडू डोक्याला बसलेल्या माराबद्दल तिथल्या एनएचएल लीगविरुद्ध कोर्टात गेले. २०१८ साली सुमारे १.९ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि लीगने चूक काही कबूल केली नाही. तो खेळ वेगळा, मारही वेगळा. पण तिथेही हिशेब मागायची वेळ आली ती खेळून झाल्यावरच.

माझी मागणी मोठी नाही. सोळा वर्षांखालच्या मुलामुलींनी दिवसाला आणि आठवड्याला किती फ्लिक मारायच्या, हे हॉकी संघटनेने हाडांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि प्रत्येक मैदानावर त्याची वही ठेवावी. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या. त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींच्या हातातही उद्या तीच बादली असणार. वहीला खर्च नाही. मोजायला माणूस नाही, अशी सबब येणार असेल, तर आम्ही तीन-चार म्हातारे खेळाडू रोज संध्याकाळी त्या बाकावर बसलेलेच असतो.

— एक माजी हॉकीपटू, खडकी, पुणे