पट सप्टेंबरचा, निकाल एप्रिलचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका शाळांचे निकाल लागले, की अमुक शाळा मागे पडली, तमुक शाळेची टक्केवारी घसरली, अशा मजकुराने स्थानिक पाने भरून जातात. त्यातले आकडे खोटे नसतात. परंतु सहावी ते आठवी मिळून पाऊणशेच्या आत पट असलेल्या शाळेला ही टक्केवारी लावताना तो निकाल नेमका कोणत्या मुलांचा आहे, हे कुणी विचारत नाही. एका अनुदानित शाळेत 32 वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्यावर गेली 4 वर्षे मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या अशाच एका लहान शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाते. तिथे जे पाहिले, त्यावरून हे लिहीत आहे.

या शाळेच्या आठवीत गेल्या वर्षी जूनमध्ये 19 नावे होती आणि मार्चअखेर 22. कागदावर तिघांची भर पडली, इतकेच. प्रत्यक्षात 5 जण दाखला घेऊन गेले होते आणि 8 जण नव्याने आले होते. गेलेल्यांपैकी दोघी वर्गातल्या पहिल्या पाचांतल्या. वडील कारखान्यात कायम झाले, हातात थोडे पैसे आले, तशी त्यांना खासगी शाळेत घातले. यात पालकांना बोल लावण्यासारखे काही नाही, त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. आलेले आठही जण दसरा-दिवाळीनंतरचे. कुणाचे आईवडील यवतमाळकडून इमारतीच्या कामावर आलेले, कुणाचे कलबुर्गीकडून नाक्यावर. घरी कुणी गोरमाटी ही बंजारा बोली बोलते, कुणी कन्नड. गाव सोडताना मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे, अशी आपल्याकडे सोय आहे. आठांपैकी एकाकडेच ते होते आणि तेही पावसात भिजलेले.

या मुलांना वर्षाच्या मध्येच प्रवेश मिळतो तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यामुळे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, मूल वयानुरूप वर्गात बसते, आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही तोच कायदा सांगतो. हे सर्व योग्यच आहे. मेख आहे ती संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या पद्धतीत. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरते, आणि त्यातही आधार जुळलेलीच नावे धरली जातात. सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक हे कायद्यातले प्रमाण. पण दिवाळीनंतर आलेले मूल त्या हिशेबात नसते. एप्रिलच्या निकालात मात्र ते असते. शिक्षक देताना ज्याला मोजले नाही, त्याला शाळेचा दर्जा ठरवताना आवर्जून मोजायचे, असा हा व्यवहार आहे. शंभराहून कमी पटाच्या शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापकही मिळत नाही, त्यामुळे विशेष प्रशिक्षण घ्यायचे कुणी, तर ज्या बाई माहिती भरत बसल्या आहेत आणि मध्येच उठून विज्ञानाचा तास घेत आहेत, त्यांनीच.

डिसेंबरात मी घनफळाचा पाठ घेत होते. 10 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच पेटीचे घनफळ किती, असे विचारले. पुढच्या बाकांवर वह्यांत गुणाकार चालू असतानाच मागून उत्तर आले, “दोन ब्रास, बाई.” वर्ग हसला. हा मुलगा नोव्हेंबरात आलेला, वडील खडीच्या डंपरवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेव्हा त्याचे उत्तर बिनचूक होते आणि कागदाला पेन न लावता काढलेले होते. एप्रिलच्या पेपरात हाच हिशेब “इष्टिकाचितीचे घनफळ काढा” अशा शब्दांत आला आणि त्याने ती जागा कोरी सोडली. इष्टिका म्हणजे वीट, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही.

2023-24 पासून आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास पुन्हा तोच वर्ग. त्यामुळे त्या कोऱ्या जागेची किंमत आता केवळ शाळेच्या टक्केवारीपुरती राहिलेली नाही.

टक्केवारीचे म्हणाल, तर 22 मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेचार टक्के. परीक्षेच्या आठवड्यात दोघांना कांजिण्या आल्या, तर शाळा नऊ टक्क्यांनी “घसरते”.

शाळेत सारे आलबेल आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिलीपासून त्याच शाळेत असलेल्या मुलांपैकीही काहींना आठवीत अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती, आणि त्याचे उत्तर शाळेनेच द्यायला हवे. एकत्रित टक्केवारीत नेमके हेच झाकले जाते. कारण विचारले, की “मुले बाहेरगावची आहेत हो” म्हणून सुटका करून घेता येते, आणि तसे म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

म्हणून सुचवावेसे वाटते, की लहान शाळांचा निकाल दोन भागांत जाहीर करावा: जूनपासून असलेल्या मुलांचा वेगळा आणि सप्टेंबरनंतर आलेल्यांचा वेगळा. या दुसऱ्या गटाची प्रवेशाच्या दिवशीची पातळी नोंदवून तिथून ती मुले किती पुढे सरकली, हे पाहावे. आणि स्थलांतरित कुटुंबे जिथे उतरतात, अशा वस्त्यांतील शाळांचा पट जानेवारीत पुन्हा मोजून निदान उरलेल्या चार महिन्यांपुरता एक जादा शिक्षक द्यावा. यासाठी नवे पोर्टल नको, की नवा अर्ज नको. प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजही लिहिलेली असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, घणसोली, नवी मुंबई