चि. मुक्तास, टोरोंटो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, मला इथं काहीच येत नाही" म्हणालीस आणि क्लासला उशीर होतोय सांगून फोन ठेवलास. बाबांना मी बोलले नाही. जेवतेस ना नीट?

बाकीचे सेमिनारमध्ये घडाघडा बोलतात आणि तू गप्प, म्हणून तू ढ? हे गणित काही मला पटेना. २००३ च्या 'पिसा' चाचणीत (देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची घेतात ती) गणितात कोरियाच्या मुलांना ५४२ गुण होते, जपानच्या ५३४, अमेरिकेच्या ४८३. पण 'तुला गणित येतं का?' या प्रश्नाला जपान-कोरियाची मुलं सगळ्यांच्या मागे, अमेरिकेची अगदी पुढे! स्टीव्हन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगात तर, काम जमलं नाही असं कळल्यावर जपानी मुलं तशाच कामाला जास्त वेळ चिकटून राहिली. कॅनडाची मुलं जमलं म्हटल्यावर चिकटली. तू जपान्यांच्या वळणाची. पण म्हणून गप्प बसू नकोस गं.

मी नुसती घोकंपट्टी करून शिकले असं म्हणशील, तर नववीतली तू आठवतेस. पोळ्या करताना ओट्याला टेकून पक्ष, साध्य, सिद्धता घडाघडा म्हणायचीस, पिठाच्या ताटात बोटानं त्रिकोण काढायचीस. मध्येच थांबून, "पण हे कोन समान कशावरून?" उत्तर मिळेपर्यंत हलायची नाहीस, पोळी करपली तरी. हाँगकाँगच्या मुलांबद्दल बिग्ज आणि वॉटकिन्स हे शिक्षणाचे अभ्यासक हेच सांगतात: पाठ करता करताच ती समजून घेतात. माईंनी दहावीच्या निकालाला गल्लीभर पेढे वाटले ते उगाच नाही. मी तर शाळेच्या स्टाफरूममध्ये अजून तुझंच सांगत असते.

झालं, शिकवायला लागले. राग मानू नकोस, तीस वर्षांची खोड आहे. पण दिनूकाकांचा संदीपही असाच गप्प गप्प राहिला, आम्हाला फार उशिरा कळलं. रात्री ते मनात येतं आणि झोप उडते. नको, तो विषय नको.

गुरुवारी सरांची भेटायची वेळ असते म्हणालीस ना? जा. अडलंय ते कागदावर लिहून ने, म्हणजे ऐन वेळी तोंड उघडलं नाही तरी कागद पुढे करता येईल. इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे.

तुझी,
आई