एका प्रोग्रॅमसाठी मुलाचे अख्खे खाते ॲडमिन करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नाशिकमधल्या अनेक घरांत जुना संगणक जाऊन नवा आला, किंवा आहे त्याच संगणकावर विंडोज ११ चढवले गेले. त्यानिमित्ताने आईवडिलांचे एक ॲडमिन खाते (ज्यातून संगणकात हवे ते बदल करता येतात) आणि मुलांसाठी एक साधे, म्हणजे स्टँडर्ड खाते, अशी चांगली पद्धत घरात येते. अडते ते जुने सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपची बिले, टायपिंगचा सराव, मुलांच्या अभ्यासाची सीडी, असे काहीतरी ॲडमिन खात्यात चालते आणि साध्या खात्यात चालत नाही. मग दुरुस्तीला आलेला माणूस दोन मिनिटांत मुलाचे खातेच ॲडमिन करून देतो, आणि वर 'युजर अकाउंट कंट्रोल'ची (यूएसी, म्हणजे मोठ्या बदलाआधी विचारणारी विंडोजची सोय) पट्टी ओढून तळाला नेतो, म्हणजे ते विचारणेच बंद. प्रोग्रॅम चालू होतो, पण त्या दिवसापासून मुलाने उतरवलेल्या कोणत्याही फाइलला अख्ख्या संगणकात हात घालता येतो आणि पालकांनी लावलेली बंधने मुलाला स्वतःच काढता येतात. हे थांबावे म्हणून हे पत्र. बिघाड जवळजवळ नेहमी एखाद्या फोल्डरचा किंवा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या, एखाद्या नोंदीचा असतो. ती जागा शोधून तेवढीच मोकळी करता येते.

मूळ कारण जुने आहे. विंडोज एक्सपीच्या काळात घरातला प्रत्येक जण ॲडमिनच असायचा. त्यामुळे अनेक प्रोग्रॅमरनी डेटा, सेटिंग, लायसन्सची नोंद हे सगळे प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवले. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम ठेवते त्या फोल्डरमध्ये, साध्या खात्याला वाचता येते, चालवता येते, लिहिता येत नाही. नियम आधीचाच होता. घरगुती संगणकांवर त्याची खरी अंमलबजावणी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली. रजिस्ट्रीतही तसेच: 'एचकी लोकल मशीन' या अख्ख्या संगणकाच्या भागात साध्या खात्याला लिहिता येत नाही, 'एचकी करंट युजर' या स्वतःच्या खात्याच्या भागात येते.

आधी बिघाड खरोखर परवानगीचा आहे का, ते पाहावे. ॲडमिन खात्यात प्रोग्रॅम एकदा डबल क्लिकने उघडा, एकदा उजव्या क्लिकने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडून उघडा. अनेकांच्या लक्षात येत नाही ते हे, की ॲडमिन खात्यातही डबल क्लिकने उघडलेला प्रोग्रॅम साध्याच अधिकारांनी चालतो. पूर्ण अधिकार विंडोजने विचारल्यावर 'येस' दाबले की मिळतात. म्हणून डबल क्लिकने अडतो आणि दुसऱ्या पद्धतीने चालतो, तर प्रश्न परवानगीचा. दोन्ही पद्धतींनी अडतो, तर परवानग्या चाचपडत बसू नये, कारण वेगळे आहे. उदाहरणार्थ, विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे आणि त्यावर १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालतच नाहीत, खाते कोणतेही असो. आणि ॲडमिन खात्यात डबल क्लिकनेही नीट चालतो पण मुलाच्या खात्यात चालत नाही, तर बहुधा तो इन्स्टॉल करताना 'फक्त माझ्यासाठी' निवडले गेले आहे. अशा वेळी फाइल्स वडिलांच्या खात्यातल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये जातात आणि मुलाला त्या दिसत नाहीत. प्रोग्रॅम काढून 'सर्व वापरकर्त्यांसाठी' असा पुन्हा टाकला की काम होते.

चूक दाखवणारा संदेश नीट वाचला तर अर्धे काम होते. 'एरर ५' म्हणजे विंडोजच्या भाषेत 'ॲक्सेस डिनाइड'. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांत, आणि आपल्याकडचे हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर बरेचसे त्यातच लिहिलेले असते, 'रनटाइम एरर ७०' म्हणजे परवानगी नाकारली आणि '७५' म्हणजे फाइलपर्यंत किंवा तिच्या पत्त्यापर्यंत पोहोचता आले नाही. '३३९' आला तर मात्र एखादी ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमला लागणारा जोडभाग) विंडोजकडे नोंदवलेली नाही किंवा जागेवर नाही; ती ॲडमिन अधिकाराने एकदा नोंदवली की पुन्हा बघावे लागत नाही.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एमडीबी फाइलवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. 'ऑपरेशन मस्ट यूज ॲन अपडेटेबल क्वेरी' हे वाक्य दिसले की लोक क्वेरीत (डेटा मागणाऱ्या किंवा बदलणाऱ्या आज्ञेत) चूक शोधत बसतात. बहुतेक वेळा क्वेरी ठीक असते. एमडीबी उघडताना तिच्याच शेजारी त्याच नावाची एलडीबी ही कुलपाची फाइल तयार होते आणि बंद करताना पुसली जाते. म्हणून नुसत्या एमडीबीवर लिहिण्याची परवानगी देऊन भागत नाही, ती जिथे आहे त्या फोल्डरवर द्यावी लागते. शिवाय 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' केले की नवी फाइल बनते आणि तिला फोल्डरच्या परवानग्या लागतात. फाइलवर वेगळ्या दिलेल्या परवानग्या तेव्हाच जातात. 'महिनाभर चालले आणि अचानक बंद पडले' या तक्रारीमागे हे कारण असू शकते.

याहून फसवा प्रकार म्हणजे प्रोग्रॅम चालतो, पण हिशेब जुळत नाही. ३२ बिटचा आणि आपल्याला कोणते अधिकार हवेत हे न सांगणारा जुना प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला सरळ नकार देत नाही. ते लिखाण गुपचूप त्या-त्या वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा', त्यात 'लोकल', त्यात 'व्हर्च्युअल स्टोअर' या फोल्डरमध्ये वळवते. आता सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपल्या खात्यातून एप्रिलच्या पावत्या घातल्या आणि मुलीने तिच्या खात्यातून मेच्या, तर संगणकावर दोन वेगवेगळे हिशेब तयार होतात. प्रत्येकाला आपलाच दिसतो. आणि कोणी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडले तर 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली मूळ फाइल, म्हणजे तिसराच हिशेब समोर येतो आणि 'डेटा उडाला' म्हणून धावाधाव होते. डेटा उडालेला नसतो. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या नावावर उजवा क्लिक करून 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' हा रकाना घ्या. त्या प्रोग्रॅमसमोर 'एनेबल्ड' दिसले तर प्रत्येक खात्याचे व्हर्च्युअल स्टोअर उघडून पाहा. कोणतीही फाइल हलवण्यापूर्वी सगळ्या प्रतींची पेन ड्राइव्हवर नक्कल घ्या, तारखा पाहून पुढचा हिशेब कोणत्या प्रतीत आहे ते ठरवा. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर प्रोग्रॅमला आधी व्हर्च्युअल स्टोअरमधली दिसते. त्यामुळे नंतर फोल्डरवर परवानगी दिली तरी ती जुनी प्रत तिथून बाजूला काढेपर्यंत जुनेच आकडे दिसत राहतात.

नेमकी अडलेली जागा सापडत नसेल तर अंदाज करू नये, 'प्रोसेस मॉनिटर' वापरावे. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातले हे साधन मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मोफत मिळते आणि इन्स्टॉल करावे लागत नाही. मुलाच्या खात्यात राहून ते ॲडमिनचा पासवर्ड देऊन उघडा. कंट्रोल-एल दाबून दोन गाळण्या लावा: 'प्रोसेस नेम' म्हणजे त्या प्रोग्रॅमची ईएक्सई (प्रोग्रॅम चालवणारी मुख्य फाइल), आणि 'रिझल्ट' म्हणजे 'ॲक्सेस डिनाइड'. कंट्रोल-एक्सने यादी कोरी करा, प्रोग्रॅम साध्या पद्धतीने उघडा, अडला की लगेच कंट्रोल-ईने नोंद थांबवा. मग तळापासून वर वाचा. 'ऑपरेशन'मध्ये 'क्रिएटफाइल', 'पाथ'मध्ये हिशेबाच्या फोल्डरमधली एलडीबी फाइल आणि 'डिटेल'मध्ये 'जेनेरिक राइट' अशी ओळ सापडली तर दुखणे तिथेच आहे. प्रत्येक 'ॲक्सेस डिनाइड' दोषी नसतो. पुष्कळ प्रोग्रॅम रजिस्ट्रीची नोंद आधी 'ऑल ॲक्सेस'ने मागतात, नकार मिळाला की फक्त वाचण्यापुरती मागतात आणि पुढे जातात. चूक दाखवणारी चौकट येण्याच्या लगेच आधीच्या ओळी महत्त्वाच्या.

जागा कळली की ॲडमिन खात्यात जाऊन त्या फोल्डरवर उजवा क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'एडिट', यादीत 'युजर्स' निवडून 'अलाउ'खाली 'मॉडिफाय'वर खूण, ओके. 'फुल कंट्रोल' देऊ नये. त्याने परवानग्या बदलण्याचाही अधिकार जातो आणि प्रोग्रॅमला त्याची गरज नसते. डेटाचा वेगळा उपफोल्डर असेल तर फक्त त्यावर द्या. प्रोग्रॅममध्ये डेटाचा पत्ता बदलता येत असेल तर 'प्रोग्रॅम डेटा' या सगळ्या खात्यांच्या सामाईक जागेत फोल्डर करून डेटा तिकडे न्या, पण तिथेही ही परवानगी हाताने द्यावीच लागते. 'प्रोग्रॅम डेटा'त नवी फाइल कोणालाही करता येते, मात्र ज्याने केली त्यालाच ती बदलता येते. म्हणून ज्याने प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला त्याचेच चालते आणि घरातल्या दुसऱ्याचे अडते.

डेटा आणि ईएक्सई एकाच फोल्डरमध्ये असून वेगळे होत नसतील तर नाइलाजाने अख्ख्या फोल्डरवर 'मॉडिफाय' द्यावे लागते. त्यानंतर तो प्रोग्रॅम कोणीही, कधीही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडू नये. कारण आता साध्या खात्यातून ती ईएक्सई बदलता येते, आणि बदललेली ईएक्सई पूर्ण अधिकाराने चालवली तर साध्या खात्याचा उपयोगच उरत नाही. रजिस्ट्रीत अडत असेल तर त्याच कंपनीच्या नावाच्या नोंदीवर 'परमिशन्स'मधून 'सेट व्हॅल्यू' आणि 'क्रिएट सबकी' एवढेच द्या, आणि आधी ती नोंद एक्स्पोर्ट करून ठेवा. ३२ बिटच्या प्रोग्रॅमची नोंद 'सॉफ्टवेअर'मध्ये 'वाऊ६४३२नोड'खाली सापडते.

काही प्रोग्रॅम गरज नसताना ॲडमिनचा पासवर्ड मागतात. ईएक्सईच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' असले की ३२ बिटच्या जुन्या फाइलला विंडोज इन्स्टॉलर समजते. यासाठी दोन ओळींची बॅच फाइल (आज्ञा लिहिलेली साधी फाइल) पुरते. पहिल्या ओळीत 'सेट', मग जागा सोडून दोन अंडरस्कोअर, 'कॉम्पॅट', एक अंडरस्कोअर, 'लेअर', बरोबरचे चिन्ह आणि 'रनॲजइन्व्होकर' सलग. दुसऱ्या ओळीत 'स्टार्ट', रिकामी अवतरणचिन्हे आणि अवतरणचिन्हांत प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता, अर्थात सगळे इंग्रजी अक्षरांत. याने अधिकार वाढत नाहीत, नुसते मागणे थांबते. याउलट 'रनॲज' या, दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणाऱ्या आज्ञेला 'सेव्हक्रेड' जोडून ॲडमिनचा पासवर्ड साठवण्याची युक्ती कोणी सुचवली तर अजिबात ऐकू नये. एकदा साठवलेल्या पासवर्डावर त्या खात्यातून दुसरा कोणताही प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवता येतो.

परवानगीसारखे दिसणारे पण परवानगीचे नसलेले बिघाडही आहेत. आपल्याकडे हमखास होणारा म्हणजे खात्याचे नाव देवनागरीत ठेवणे. 'आई' या नावाने स्थानिक खाते केले की युजर फोल्डरही 'आई' होतो आणि तात्पुरत्या फाइल्सचा पत्ताही त्यातूनच जातो. युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरे साठवण्याची पद्धत) न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच पडतो. नंतर खात्याचे नाव बदलले तरी फोल्डरचे नाव तेच राहते. नवे खाते इंग्रजी अक्षरांत करून दिसणारे नाव मागाहून मराठीत करावे, किंवा त्या खात्यापुरते 'टेम्प' आणि 'टीएमपी' हे तात्पुरत्या फाइल्सचे दोन्ही पत्ते इंग्रजी नावाच्या फोल्डरकडे वळवावेत. मराठी फॉन्टचेही ध्यानात ठेवावे: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या खात्यातूनही फॉन्ट टाकता येतो, पण तो त्या खात्यापुरताच राहतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमांना दिसत नाही. 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडावे. विंडोज सिक्युरिटीत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' (अनोळखी प्रोग्रॅमना ठरावीक फोल्डरमध्ये लिहू न देणारी सोय) कोणी चालू केले असेल तर 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहिणे ॲडमिनलाही अडू शकते. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त त्याची नोंद दिसते आणि तिथून तेवढ्या प्रोग्रॅमला मुभा देता येते.

आपल्या पत्राद्वारे शहरातल्या संगणक विक्रेत्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना विनंती आहे, की संगणक घरी देतानाच दोन खाती करून द्यावीत आणि ग्राहकाचे नेहमीचे सॉफ्टवेअर साध्या खात्यातून उघडून, एक नोंद करून, बंद करून, पुन्हा उघडून दाखवावे. नोंद टिकली तरच काम झाले समजावे. आणि नाशिकमध्ये सोसायट्यांसाठी, पतसंस्थांसाठी, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना विनंती, की इन्स्टॉलर तसाही ॲडमिन अधिकारानेच चालतो, तेव्हा त्यानेच 'प्रोग्रॅम डेटा'त आपला फोल्डर करावा, त्यावर 'युजर्स'ना 'मॉडिफाय' द्यावे आणि डेटा तिथेच ठेवावा.

आपला,
घरगुती संगणकांची दुरुस्ती करणारा एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक