बॅरल उपडे केले, अंड्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेंग्यूचा रुग्ण सापडला की गल्लीत धुराची गाडी फिरते, गटारावर औषध पडते आणि सगळ्यांना बरे वाटते. गटारातला डास बहुतेक क्युलेक्स. तो रात्री झोपमोड करतो, डेंग्यू पसरवत नाही. डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस इजिप्ती घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत दडतो. दारे-खिडक्या लावून घेतल्यावर रस्त्यावरचा धूर त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?

‘कोरडा दिवस’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळणारेही चुकतात. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. काजळीच्या ठिपक्यांसारखी ती दिसतात. एक मिलिमीटरहूनही लहान. बॅरल उपडे करून लगेच भरले, तर अंडी जागच्या जागी राहतात आणि पाणी चढले की फुटतात. नुसते उन्हात वाळवूनही भागत नाही, कारण कोरडी अंडी कित्येक महिने तग धरतात. उन्हाळाभर रिकामा पडलेला हौद जूनमध्ये भरला की आठ-दहा दिवसांत डास उडतात, ते यामुळेच. म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने किंवा ब्रशने काठापासून तळापर्यंत आतून घासावे, ते पाणी गटारात न ओतता मातीवर टाकावे आणि झाकण घट्ट लावावे. फटीतून मादी सहज शिरते. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर हेही त्यातच आले.

हौद उपसणे शक्य नसेल तर गप्पी मासे सोडावेत. अ‍ॅबेट या अळीनाशकाची मात्रा लिटरला एक मिलिग्रॅम टेमेफॉस (त्यातले मूळ औषध) अशी असते. ते अळ्या मारते, अंडी नाही. रोज उपसून भरल्या जाणाऱ्या बॅरलमध्ये ते पातळ होत जाते. अळ्या पाहताना बॅटरी धरून मिनिटभर थांबावे. सावली पडली की त्या तळाशी जातात आणि पाणी स्वच्छ वाटते.

रुग्णाला चावलेला डास लगेच रोग देत नाही; विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, उकाड्यात त्याहून कमी. त्यामुळे डासाला विषाणू मिळूच नये म्हणून तापाच्या पहिल्या पाच दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवणे मोलाचे. धूर सोडायचाच तर तो रुग्णाच्या घरात आणि शेजारच्या घरांत, आतून सोडावा.

सांगलीकरांनी २०१९ चा पूर पाहिला आहे. वाहते पाणी अळ्या धुऊन नेते; पूर ओसरल्यावर अंगणात, गच्चीत उरलेली डबडी-टायर पुढच्या सरींनी भरतात आणि धोका तिथून सुरू होतो.

पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकातच ‘घासण्याचा दिवस’ छापावा, तोही पाणी येण्याच्या आदल्या दिवशीचा. भरलेले बॅरल ओतून द्या म्हटले तर कोणी ओतणार नाही, रिकामे होत आलेले घासायला हरकत नसते.

आपला,
आरोग्य कीटकशास्त्राचा एक अभ्यासक, मिरज