शनिवारचं बटण

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

वर्गात यहुदी धर्मावर दहा मिनिटं बोलायचंय, तर थोडं लिहून पाठव म्हणालीस. पुस्तकं यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून सुरू होतात. मी मात्र अलिबागच्या इस्राएल आळीपासून करते, कारण मला हा धर्म तिथेच कळला, तोही अर्धामुर्धा.

आजोळी आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. नऊवारी नेसायच्या, बोलणं अस्सल अलिबागचं. घरात शिरताना मात्र चौकटीवरच्या एका बारीक नळीला बोटं लावायच्या आणि ती ओठांशी न्यायच्या. ती नळी म्हणजे मेझुझा. आत चामड्याच्या तुकड्यावर हिब्रूत प्रार्थना लिहिलेली असते. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी आजी तेलाचे दिवे लावायच्या आणि मग शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चूल बंद, काम बंद, पैशाला हात नाही. हा शब्बाथ. देवाने सहा दिवसांत जग घडवलं, सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही थांबायचं. पावसाळ्यात शनिवारी दुपारीच अंधारून यायचं. आजी ओटीवरून नुसतं म्हणायच्या, "किती काळोख झाला गो!" बटण दाब, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. स्वतः दिवा लावायचा नाही, आणि दुसऱ्याला लाव म्हणून सांगायचंही नाही. मी काय ते समजून आत जायचे आणि बटण दाबायचे.

त्यांचे पूर्वज इथे कसे आले? बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले हे ज्यू लोक, सांगतात की फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या मात्र समुद्रात गेल्या. पुढे ही माणसं कोकणातल्या गावांत पांगली आणि पेणकर, दिवेकर, किहीमकर झाली. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले.

मला खरं नवल वाटतं ते पुढचं. हिब्रू विसरली, ग्रंथ नाहीत, आणि तरी काही गोष्टी शिल्लक राहिल्या. शनिवार राहिला. आठव्या दिवशी मुलाची सुंता राहिली. आणि 'शमा' ही प्रार्थना राहिली: ऐक इस्राएला, आपला देव परमेश्वर, परमेश्वर एकच आहे. यहुदी श्रद्धेचं मूळ या एका ओळीत आहे. देव एक, त्याची मूर्ती नाही. सणांची नावंसुद्धा मराठी झाली होती. एकाचं नाव 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचं. का झाकायचं, ते कोणाला आठवत नव्हतं. हा मुळात पेसाह. मोशे नावाच्या पुढाऱ्याने इस्राएलींना, म्हणजे यहुद्यांच्या पूर्वजांना, इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढलं तेव्हा घाईत पीठ आंबायलाही वेळ नव्हता, म्हणून त्या दिवसांत आंबवलेलं काही खात नाहीत. कारण विसरलं, झाकण तेवढं राहिलं! पुढे दावीद राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू आला. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले. त्यावरून त्याने आपली माणसं ओळखली, अशी गोष्ट आहे.

आता तुझ्या पुस्तकातलं. सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळालं, तेच तोरा, पाच ग्रंथांचं. जेरुसलेमला शलमोन राजाने बांधलेलं मंदिर बाबिलोनच्या सैन्याने इ. स. पूर्व 586 मध्ये पाडलं. दुसरं उभं राहिलं, ते रोमनांनी इ. स. 70 मध्ये. मंदिर गेल्यावर होमबळी संपले, आणि धर्म घरात, सिनेगॉगमध्ये म्हणजे प्रार्थनाघरात, आणि पाठांतरात वाढला. आजींचं स्वयंपाकघर म्हणून मला आठवतं. कोळंबी नाही, खेकडा नाही, मटणाबरोबर दूधदही नाही. पण नारळाचं दूध चालतं, मग कोकणी माणसाचं अडतं कुठे? त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायच्या, तोही नारळाच्या दुधातला. नवस फेडायचा असला की मलिदा: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, बाजूला फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याचं नाव. आम्हा पोरांचा डोळा वेलचीवर नसून केळ्यांवर असायचा.

मुंबईत पहिलं सिनेगॉग 1796 सालचं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे. युरोपात ज्यूंचं जे झालं, हिटलरच्या काळात सुमारे साठ लाख माणसं मारली गेली, ते दहा मिनिटांत उरकू नकोस; एवढं सांग आणि थांब. कोकणात त्यांना असा छळ सोसावा लागला नाही. तरी 1948 साली इस्राएल देश झाल्यावर बहुतेक कुटुंबं हळूहळू तिकडे गेली. आजींची मुलंही गेली, शेवटी आजीही.

आपल्या आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग अजून आहे. आजींचं घर दुसऱ्यांनी घेतलंय, दाराला झेंडूचं तोरण असतं. मेझुझा जाताना त्यांनी काढून नेला. उजव्या चौकटीवर खिळ्यांची दोन भोकं आहेत, एक जरा वर, एक खाली, कारण त्यांचा तिरका लावलेला होता. दिवाळीत आलीस की दाखवते.

तुझी,
आई