टिटवीची अंडी कुठं आणि पाऊस किती: आपल्या शाळेच्या शिवारफेरीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार. गावातले पालक, शेतकरी, या शाळेत शिकून गेलेले माजी विद्यार्थी आणि नोकरीधंद्यासाठी संभाजीनगर, पुणे, मुंबईला असलेली आपली मंडळी, सगळ्यांना शाळा व्यवस्थापन समितीचं हे पत्र.

यंदा जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पाचवी-सहावीची लेकरं घेऊन आम्ही शाळेमागच्या माळाला गेलो होतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. तेव्हा पाचवीतली एक मुलगी जागीच थांबली आणि म्हणाली, "कुणी पाय पुढं टाकू नका, तिची अंडी हितंच आहेत." आम्ही मोठी माणसं वाकून बघतोय, तर ढेकळं आणि खड्यांशिवाय काही दिसेना. अंडी दोन हातांवर होती. चार. मातकट रंगाची, वर काळे ठिपके, निमुळती टोकं आतल्या बाजूला. घरटं म्हणावं असं काही नाही, नुसती उथळ खळगी.

ते वावर ज्यांचं, ते दुसऱ्या दिवशी पाळी घालणार होते. लेकरं संध्याकाळी त्यांच्या आखाड्यावर जाऊन सांगून आली. त्यांनी तेवढी जागा सोडून पाळी घातली आणि पेरतानाही तेवढा तुकडा सोडला. त्यांचे आभार इथं जाहीर मानतो. पुढं रोज चार-पाच जण बांधावरून, लांबूनच, बघायचे. पावसानं उघडीप दिली आणि ऊन तापलं की टिटवी ओढ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसायची. हे आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. लेकरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत लिहिलं.

त्याच दिवसांत एका आजोबांनी त्यांना सांगितलं की टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दणकून होतो, सखल जागी घातली तर दुष्काळ. आपण सगळ्यांनीच हे ऐकलेलं आहे. लेकरांनी वर्गात विचारलं, "गुरुजी, हे खरंय का?" गुरुजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, मोजून बघू. आता दरवर्षी शिवारातली सापडतील तेवढी टिटवीची अंडी कुठल्या अंगाला आहेत ते नकाशावर मांडायचं आणि शाळेच्या अंगणात रोज सकाळी पाऊस मोजायचा, असं ठरलंय. एका वर्षात याचं उत्तर मिळणार नाही. आज पाचवीत असलेली लेकरं सातवीतून बाहेर पडतील आणि वही खालच्या वर्गाकडं जाईल. शाळेत असं काही सुरू झालंय, याचा आम्हाला फार आनंद आहे. म्हणून ते मधेच बंद पडू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची. 1976 साली धरण झालं आणि 1986 साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पाणी उथळ, पसरट. ते ओसरू लागलं की गाळ उघडा पडतो, आपण गाळपेर करतो आणि त्याच गाळात पक्ष्यांना खाणं मिळतं. म्हणून हिवाळ्यात इथं चक्रवाक येतात, रोहित येतात आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. लांबलांबची माणसं कॅमेरे घेऊन ते बघायला येतात. आपल्या लेकरांनी मात्र ते जवळून पाहिलेले नाहीत. मागच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना काठावर नेलं, पण 43 लेकरं आणि मागून आणलेली एकच दुर्बीण. निम्म्यांची पाळी येईपर्यंत थवा उठून गेला होता. परत येताना लेकरं गप्प होती.

शिवाय हे पाहुणे येतात नेमके त्याच दिवसांत आपली काही लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. ती शाळेपासून तुटू नयेत, हा आमच्या जिवाचा विषय आहे. जी आजीजवळ मागं राहतील ती फेरीला येतीलच. जी जातील त्यांच्या पिशवीत एक वही आणि पेन्सिल द्यायची आहे. गेल्या वर्षी एक मुलगा परत आला तो कोयत्यामागून चालणाऱ्या गायबगळ्यांची चित्रं काढून. ऊस तुटला की किडे उघडे पडतात म्हणून बगळे येतात, हे त्यानंच वर्गाला समजावून सांगितलं.

लागणारं सामान फार नाही. दहा दुर्बिणी, 8×42 च्या (आठपट जवळ दाखवणाऱ्या, 42 मिलिमीटर भिंगाच्या). बऱ्यापैकी दुर्बीण पाच-सहा हजारांत मिळते. एक पर्जन्यमापक, वह्या आणि पक्ष्यांची मराठी नावं असलेली चित्रांची पुस्तकं. काठापर्यंत जायला महिन्यातून दोनदा कुणाची जीप किंवा टेम्पो मिळाला तर भाड्याचे पैसे वाचतील. एकट्याला दुर्बीण जड वाटत असेल तर एका बॅचच्या मित्रांनी मिळून एक द्यावी.

पैशापेक्षा जास्त गरज आहे ती जाणत्या माणसांची. पावशा "पेरते व्हा" म्हणतो, हे लेकरांना आजीकडूनच कळलं. ज्या आजी-आजोबांना पाखरांची आपल्याकडची नावं, त्यांचे आवाज, त्यांच्यावरच्या म्हणी येतात, त्यांनी शनिवारी सकाळी तासभर शाळेत यावं. न्यायला-आणायला आम्ही येऊ.

आणि विहिरीवर वाकलेल्या ज्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकले आहेत, त्या एवढ्यात तोडू नयेत, ही शेतकरी बांधवांना हात जोडून विनंती. लेकरं ते खोपे मोजत आहेत. पिल्लं उडून गेल्यावर रिकामे खोपे तेवढे शाळेला द्या.

देणगी शाळेच्या कार्यालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

पहिली फेरी 5 नोव्हेंबरला. त्या दिवशी रानावनावर लिहिणारे लेखक मारुती चितमपल्लींची जयंती, 12 तारखेला पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींची. या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. दिवाळीची सुट्टी असली तरी लेकरं येणार म्हणालीत. सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकापासून निघू. सोबत यायचं असेल तर भडक कपडे नकोत आणि पायात बूट घाला, बांधाला कुसळं आणि बाभळीचे काटे फार आहेत.