दिलेले आकडे आणि मिळवायचे आकडे

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पदवी हातात पडायला थोडेच दिवस उरले असताना ‘एवढे शिकून खाणीत माझा कितपत उपयोग होईल?’ असे तू विचारलेस. त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

विद्यापीठाने तुला दिले ते मुळीच कमी नाही. खडकाचे बलशास्त्र, वायुवीजन आणि स्फोटनाची बैठक पक्की नसेल, तर वर्षानुवर्षे खाणीत काढलेला माणूससुद्धा अनोळखी खडकासमोर चाचपडतो. उणीव आहे ती दुसरीकडे. परीक्षेत आकडे दिलेले असतात. खाणीत ते आधी मिळवावे लागतात, आणि माझ्या अनुभवात चूक बहुधा तिथेच होते.

खडक किती भक्कम आहे हे गुण देऊन ठरवणारी बिनियाव्स्की यांची आर. एम. आर. पद्धत तुला तोंडपाठ आहे. तिच्या १०० गुणांपैकी सर्वाधिक, म्हणजे ३० गुण सांध्यांच्या (खडकातल्या नैसर्गिक भेगांच्या) स्थितीला आहेत, आणि प्रश्नपत्रिकेत ती स्थिती एका ओळीत सांगून टाकलेली असते. प्रत्यक्षात दिवा तिरका धरून, सांध्याच्या पृष्ठभागावरून बोट फिरवून, फटीत माती भरली आहे का हे नखाने कोरून पाहून ती ठरवावी लागते. माझ्या पहिल्या नोकरीत मी कोअरच्या, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दंडगोल नमुन्यांच्या, पेट्यांची नोंद केली तेव्हा आर. क्यू. डी., म्हणजे कोअरच्या लांबीत लांब तुकड्यांची टक्केवारी, फार कमी आला. १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज मी बिनचूक केली होती. पण ड्रिलिंग करणाऱ्या एका जुन्या कामगाराने दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून दाखवले, तर ते तंतोतंत जुळले. तुटलेली बाजू ताजी, स्वच्छ होती, गंजाचा डाग नाही की मातीचा लेप नाही. तो सांधा नव्हताच, पेटीत भरताना पडलेला तुकडा होता आणि तो अखंड धरायला हवा होता. हा नियम मी पुस्तकात वाचलेला होता. तुकडा मात्र कधी हातात घेतलेला नव्हता.

मिथेनचेही तसेच. हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असला की स्फोटक ठरतो, हे प्रत्येक विद्यार्थी सांगेल. परंतु तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे छतालगत साचतो, आणि मापक छातीच्या उंचीवर धरून घेतलेली नोंद दिशाभूल करते.

याचा सगळा दोष विद्यापीठांवर टाकणे मला पटत नाही. काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात विद्यार्थ्यांना रांगेने फिरवून आणायचे आणि नंतर कार्यालयात बसवून ठेवायचे, ही उद्योगाची चूक आहे. १७६५ साली स्थापन झालेल्या जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट शिकत होते, तेव्हा त्यांची सकाळ खाणीत जाई आणि दुपार व्याख्यानांत. ही सांगड आपण का सुटू दिली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रुजू झाल्यावर पहिले काही महिने पाळीतल्या कामगारांबरोबर खाली उतरायची परवानगी मागून घे. अनुभवी माणूस पहारीने छत ठोकतो तेव्हा शेजारी उभी राहा. घट्ट छताचा खणखणीत आवाज आणि सुटलेल्या छताचा बद्द आवाज यांतला फरक कानाला कळू दे. कोअरची पहिली नोंद केलीस की पेटीच्या छायाचित्रांसह मला पाठव. मी माझी वेगळी नोंद करीन आणि आपण दोन्ही ताडून पाहू.

तुझे बाबा